अडीचचं सत्र

हॉल नंबर तीन, गोरेगाव.
बाहेर रीळ-गळांचे स्टॉल, तळलेल्या बोंबलांचा वास.
आत निळ्या गालिच्यावर माझी नारिंगी कायाक,
साडेबारा फूट, पालथी.
खुर्च्या साठ. माणसं एकोणीस.
मघाशी जिताड्याच्या सत्राला उभं राहायला जागा नव्हती.

मी सांगतो: हे जॅकेट. सीटखाली ठेवायचं नाही.
सीटखालचं जॅकेट फक्त सीटला वाचवतं.
हसतात. दरवर्षी इथेच हसतात.

मी सांगतो: हिरवी घेऊ नका, कितीही देखणी असो.
आपला समुद्र चहाच्या रंगाचा,
ट्रॉलरवरचा तांडेल रात्रभर जागा,
पहाटेच्या धुरकटात त्याला तुम्ही
म्हणजे एक वाहता ओंडका.

नांगर बाजूला बांधू नका.
खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली
की पाणी दोर धरून होडीच्या कानफटात मारतं.
टोकाला बांधा. सुरी छातीवर ठेवा, दोरासाठी.
माशासाठी घरी विळी आहे.

आणि मतलई वारा.
सकाळी तो पाठीवर हात ठेवतो इतक्या मायेनं
की वाटतं, जोर आपल्याच दंडात आहे.
मढचा किनारा लहान होत जातो, आपण खूश.
परत फिरल्यावर कळतं
एवढा वेळ वल्हवत कोण होतं.

हे मला कसं माहीत, ते सांगत नाही.
स्लाइड बदलतो.

शिट्ट्या वाटल्या. तीन वेळा, म्हटलं, पोटातून.
एकोणीस शिट्ट्यांनी सुरक्षारक्षक धावत आला.
काय झालं?
काही नाही हो, बुडालो होतो.

मग शर्वाणी कर्णिक, दातांच्या डॉक्टर, ठाणे,
गालिच्याच्या समुद्रातून परत होडीत चढल्या:
आधी पोट, मग कूस, मग बूड.
तिसऱ्या खेपेला जमलं. कोपर सोलवटलं.
टाळ्या पडल्या त्या खऱ्या होत्या.

शेवटच्या रांगेतून हात वर.
लडकू टपके, वेसावे, वय विचारलं नाही,
मांडीवर कुठल्याशा स्टॉलची फुकट पिशवी.
“पोरा, सगला बराबर सांगलास.
पन तुजे होरीला आवाज नाय.
माजी बायको चालीस इंजनांतशी माजा वलखाची,
आथरुनात परल्या परल्या.
चा कवा ठेवाचा, तिला कलं.
तुजे घरा कसा कलंल?”

त्याची स्लाइड होती माझ्याकडे.
फ्रिजवर लावायचा कागद:
कुठून उतरणार, किती वाजता, परत कधी,
उशीर झाला तर किती वेळानं पंधरा-चोपन्न, तटरक्षक दल.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला,
ओळ न् ओळ वाचली. हॉल थांबला.
“कागद बरा हाय,” म्हणाले,
“वेल खरी लिवत जा.”

पुढचं सत्र रिळाच्या तेलपाण्याचं. लोक आत येत होते.
मी कायाक उलथी केली, पट्टे आवळले,
एक शिट्टी कमी भरली, शोधली नाही.

कांदिवली, अकरावा मजला. इथून समुद्र ऐकू येत नाही.
फ्रिजवर गेल्या रविवारचा कागद तसाच,
माझ्या अक्षरात: परत, अकरा.
रावस लागला तर साडेबारा होतात,
हे लिहितानाच मला ठाऊक असतं.

त्याखाली वैजूच्या बारीक आकड्यांत,
मी आजवर न पाहिलेले,
अकरा वीस.
अकरा पंचेचाळीस.
बारा दहा.
मग पंधरा,
आणि पाचाच्या शेपटीला पेन टेकवून धरल्याचा
एक डाग, कागदातून पलीकडे उतरलेला.